शाळाप्रवेशाचे अपील आणि भागाभागातली टक्केवारी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

इंग्लंडमध्ये १ मार्चला माध्यमिक शाळांचे आणि १६ एप्रिलला प्राथमिक शाळांचे प्रवेश कळवले जातात. या दोन तारखा उलटल्या की तिकडे स्थायिक झालेल्या मराठी वाचकांची पत्रे आमच्याकडे येऊ लागतात. हवी ती शाळा मिळाली नाही, अपील करायचे आहे, पण आमच्या भागात अपिले मान्य होतच नाहीत असे ऐकतो, ते खरे का, असा सूर यंदाच्या बहुतेक पत्रांत आहे. मी स्वतः नऊ वर्षे अशा अपिलांची सुनावणी घेणाऱ्या पॅनेलवर विनामोबदला सदस्य म्हणून काम केले आहे, म्हणून संपादकांनी ही पत्रे माझ्याकडे सोपवली. त्यांतली पाच निवडून उत्तरे देत आहे. नावे वगळली आहेत.

प्रश्न: आम्ही पश्चिम लंडनमध्ये राहतो. मुलीला इयर सेव्हनसाठी (माध्यमिक शाळेचे पहिले वर्ष) आमच्या यादीतली चौथ्या क्रमांकाची शाळा मिळाली, पहिलीची वेटिंग लिस्ट मोठी आहे. सरकारी तक्ता पाहिला, तर आमच्या बरोमध्ये (लंडनच्या प्रशासकीय विभागात) दहातले एक अपील यशस्वी झालेले दिसते आणि जवळच्याच एका काउंटीत तीनातले एक. ऑफिसातले मित्र म्हणतात की सरळ तिकडे घर भाड्याने घ्या आणि तिथून अपील करा. आमच्या भागात अपील करण्यात खरोखर काही अर्थ आहे का?

उत्तर: आधी घराविषयी, कारण त्यात पैसे आणि वेळ दोन्ही वाया जातील. अपील तुमच्या राहत्या पत्त्याशी नाही, शाळेशी बांधलेले असते. प्रवेशाचा अर्ज आपण आपल्या काउन्सिलमार्फत, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेमार्फत करतो, त्यामुळे अपीलही तिचेच, असा समज होतो. प्रत्यक्षात सुनावणीची व्यवस्था त्या शाळेचे प्रवेश ज्याच्या हाती आहेत त्याने करायची असते. काही शाळांच्या बाबतीत ती काउन्सिल असते. ॲकॅडमी (काउन्सिलच्या अखत्यारीबाहेरच्या, सरकारी खर्चाच्या शाळा), चर्चच्या अनुदानित शाळा आणि फाउंडेशन शाळा यांच्या बाबतीत ती जबाबदारी शाळेची किंवा तिच्या ट्रस्टची असते, आणि आज बहुतेक माध्यमिक शाळा ॲकॅडमी आहेत. तुम्ही काउंटीत राहायला गेलात तरी लंडनमधल्या शाळेचे अपील लंडनमधल्या शाळेचेच पॅनेल ऐकेल, आणि लंडनमध्ये राहूनही काउंटीतल्या शाळेसाठी अपील करता येते. केवळ प्रवेशासाठी घेतलेला तात्पुरता पत्ता उघडकीस आला, तर मिळालेली जागाही काढून घेतली जाऊ शकते, हे वेगळेच.

आता टक्केवारी. इंग्लंडभरात ज्या अपिलांची प्रत्यक्ष सुनावणी होते, त्यांपैकी साधारण पाचात एक पालकांच्या बाजूने लागते. ही सरासरी झाली. भागवार तक्ता उघडला की आकडे खूप वरखाली दिसतात आणि आपले मन लगेच निष्कर्ष काढते की अमुक ठिकाणचे लोक दयाळू, तमुक ठिकाणचे कठोर. पण या आकड्यांत अनेक वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात.

पहिली गोष्ट म्हणजे अपिलाचा प्रकार. रिसेप्शन, इयर वन आणि इयर टू या लहान मुलांच्या पहिल्या तीन वर्गांत एका शिक्षकामागे तीसपेक्षा जास्त मुले बसवायला १९९८ च्या कायद्याने मनाई आहे. त्या मर्यादेत अडकलेले अपील जिंकणे फार अवघड असते आणि देशभरात त्यातले दहातले एखादेच मान्य होते. माध्यमिक शाळांची अपिले यापेक्षा बऱ्याच जास्त प्रमाणात यशस्वी होतात. समजा दोन गावे आहेत. दोन्ही ठिकाणी पॅनेल सारख्याच मनाची, लहान वर्गांची दहात एक आणि माध्यमिकची चारात एक अपिले मान्य करणारी आहेत. पहिल्या गावात शंभर सुनावण्यांपैकी ८० लहान वर्गांच्या आणि २० माध्यमिकच्या झाल्या, तर ८ आणि ५ मिळून १३ यशस्वी ठरतील. दुसऱ्या गावात प्रमाण उलटे असेल, तर २ आणि २० मिळून २२. एकाही सदस्याने कुणाशी वेगळी वागणूक न करता एका गावाचा आकडा १३ टक्के आणि दुसऱ्याचा २२ टक्के झाला. ही संख्या मी उदाहरणासाठी घेतली आहे, पण सरकारी तक्ता वाचताना नेमका हाच हिशेब मनात ठेवायला हवा. म्हणून एकूण टक्केवारी न पाहता फक्त माध्यमिकचा रकाना पाहावा.

दुसरी गोष्ट, टक्केवारी कशाची काढली आहे. एखाद्या ठिकाणी ५० पालकांनी अपील दाखल केले, त्यातल्या २० जणांना सुनावणीपूर्वीच वेटिंग लिस्टमधून जागा मिळाली आणि त्यांनी अपील मागे घेतले. उरलेल्या ३० जणांची सुनावणी झाली, ६ जिंकले. सुनावणी झालेल्यांत हे २० टक्के होतात, दाखल केलेल्यांत १२ टक्के. बातम्यांत कधी हा आकडा येतो, कधी तो. शिवाय ज्या वीस जणांचे काम आधीच झाले, ते यशाच्या रकान्यात कुठेच दिसत नाहीत. लंडनसारख्या शहरात भाड्याच्या घरात राहणारी आणि नोकरीमुळे स्थलांतर करणारी कुटुंबे पुष्कळ असल्याने मार्च ते सप्टेंबर या काळात वेटिंग लिस्ट बरीच हलते. तुमच्या बरोचा आकडा कमी दिसण्यामागे हेही एक कारण असू शकते की सोपी प्रकरणे सुनावणीपर्यंत पोहोचतच नाहीत.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. भागाचा आकडा अनेकदा एकदोन शाळांचाच आकडा असतो. एखाद्या बरोमध्ये एकच शाळा अशी असते की जिच्यासाठी साठ-साठ पालक अपील करतात. तिची जाहीर प्रवेशसंख्या १८० आहे आणि आणखी सहा मुले सामावता येतील असे पॅनेलला वाटले, तर साठातली सहा म्हणजे १० टक्के. पुढच्या वर्षी शेजारी नवी शाळा उघडली आणि अपिले वीसवर आली, तर तीच सहा मुले ३० टक्के होतील. शाळा तीच, इमारत तीच, पॅनेलचा विचार तोच. छोट्या बरोमध्ये तर अपिलांची संख्याच इतकी कमी असते की दोन प्रकरणे इकडची तिकडे झाली तरी तक्ता उलटापालटा होतो.

याखाली लोकसंख्येचा एक मोठा प्रवाह आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२ मध्ये सुमारे ७ लाख ३० हजार मुले जन्मली, तर २०२३ मध्ये सुमारे ५ लाख ९१ हजार. २०१२ च्या आसपास जन्मलेली मुले नुकतीच माध्यमिक शाळेत आली, त्यामुळे तिथे दाटी झाली. खाली प्राथमिक वर्ग मात्र रिकामे होत आहेत, आणि लंडनच्या आतल्या भागांत, उदाहरणार्थ हॅकनीमध्ये, प्राथमिक शाळा बंद किंवा विलीन कराव्या लागल्या. ही ओहोटी सगळीकडे एकाच वेळी पोहोचत नाही. ज्या गावाभोवती नव्या वसाहती उठत आहेत तिथे शाळा भरलेल्या आणि दहा मैलांवर रिकाम्या, असे चित्र सर्रास दिसते. रिकामी शाळा असेल तर अपिलाची वेळच येत नाही, अगदी दाटलेली असेल तर पॅनेलचे हात बांधलेले असतात. तुमचा प्रश्न या दोहोंच्या मधल्या शाळेचा आहे का, एवढेच शोधायचे आहे.

म्हणून तुम्ही असे करावे. मिळालेली चौथ्या क्रमांकाची जागा आधी स्वीकारा, त्याने अपिलाला कसलाही धक्का लागत नाही आणि मूल हाती शाळा नसलेले राहत नाही. पहिल्या शाळेच्या वेटिंग लिस्टवर नाव आहे याची खात्री करा, ती यादी किमान ३१ डिसेंबरपर्यंत ठेवावीच लागते. मग त्या शाळेकडे लेखी विचारणा करा: गेल्या तीन वर्षांत इयर सेव्हनमध्ये प्रत्यक्षात किती मुले घेतली, जाहीर संख्येपेक्षा जास्त कधी घेतली का, किती अपिले ऐकली गेली आणि किती मान्य झाली. अपिलाच्या तयारीसाठी पालकाने केलेल्या वाजवी विचारणेला उत्तर देणे प्रवेश अधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे. शिवाय आपल्याकडच्यासारखाच माहितीचा अधिकार तिकडेही आहे आणि तो शाळांना लागू आहे. या तीन ओळींच्या उत्तरातून जे कळेल, ते बरोच्या टक्केवारीतून कधीच कळणार नाही.

सुनावणीत काय होते तेही थोडक्यात सांगते, कारण घाबरण्याचे मूळ तिथे असते. आधी शाळा सांगते की आणखी मुले घेतली तर शिक्षणावर काय परिणाम होईल. जेवणाच्या हॉलमध्ये किती जण बसतात, प्रयोगशाळेत किती टेबले आहेत, जिन्यात किती गर्दी होते, इथपर्यंत तपशील येतात. पालकांना प्रश्न विचारता येतात आणि विचारावेतच. एका सुनावणीत एका वडिलांनी शांतपणे एवढेच विचारले होते की सध्याच्या इयर एटमध्ये जाहीर संख्येपेक्षा जास्त, १८७ मुले कशी बसतात. शाळेच्या प्रतिनिधीने पाने उलटली आणि उत्तर द्यायला बराच वेळ घेतला. दुसऱ्या टप्प्यात पालकांचे म्हणणे आणि शाळेची अडचण तराजूत तोलली जाते. इथे शाळांची तपासणी करणाऱ्या ऑफस्टेडचा शेरा, शेजाऱ्यांची मुले, शाळेची प्रतिष्ठा यांना फारसे वजन नसते, कारण ते साठही पालक तेच सांगतात. तुमच्या मुलीला याच शाळेची गरज का, हे सांगावे लागते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते: कमी ऐकू येणाऱ्या एका मुलाची आई चौकटीच्या वहीची पाने घेऊन आली होती. मिळालेल्या शाळेपर्यंतचा बसप्रवास तिने पाच सकाळी स्वतः करून पाहिला होता, कुठल्या थांब्यावर बस बदलली, तिथे किती गलका होता, किती वाजता पोहोचली, सगळे पेनाने लिहिलेले. हवी असलेली शाळा घरापासून चालत अकरा मिनिटांवर होती आणि तिथे ऐकण्याच्या यंत्रांना जोडणारी व्यवस्था होती. त्या वहीला उत्तर द्यायला शाळेकडे काही नव्हते.

प्रश्न: आम्ही लीड्सला असतो. मुलाला रिसेप्शनसाठी घराजवळची शाळा नाकारली. लेस्टरच्या आमच्या नातेवाइकांच्या मुलाचे अपील गेल्या वर्षी मान्य झाले, कारण तेवढेच, घर जवळ आणि दोघे नोकरीवर. आमच्याकडे मात्र काउन्सिलने कळवले की हे तीस मुलांच्या मर्यादेचे प्रकरण आहे. लेस्टरमध्ये नियम वेगळा आहे का?

उत्तर: नियम एकच आहे. फरक बहुधा वर्गाच्या आकड्यात आहे. एखाद्या शाळेची प्रवेशसंख्या ३०, ६० किंवा ९० असेल आणि प्रत्येक तुकडीला एक शिक्षक असेल, तर एकतिसावे मूल घेतले की कायदा मोडतो, आणि मग पॅनेलला तुमच्या नोकरीच्या वेळा कितीही पटल्या तरी त्यांच्या बळावर निर्णय फिरवता येत नाही. पण काही शाळांची संख्या तिसाच्या पटीत नसते. जुन्या इमारतीत वर्गखोल्या लहान असतात, गावातल्या छोट्या शाळेत २५ किंवा २६ वरच प्रवेश थांबतो. अशा ठिकाणी आणखी एक मूल घेतल्याने तीसची मर्यादा ओलांडली जात नाही, आणि मग ते साधे अपील ठरते, ज्यात घरचे कारण तोलले जाते. तुमच्या नातेवाइकांच्या बाबतीत तसे झाले असण्याची शक्यता मला अधिक वाटते. याला एक मुरड आहे. रिसेप्शनमध्ये २६ मुले असली तरी पुढच्या वर्षी दोन इयत्ता एकत्र करून वर्ग तीसचा होणार असेल, तर ते प्रकरणही मर्यादेचेच मानले जाते.

मर्यादेच्या अपिलात पॅनेल तीनच गोष्टी पाहते. तुमच्या मुलाला घेतल्याने तीसची मर्यादा खरोखर मोडते का. प्रवेशाचे नियम बेकायदा होते किंवा चुकीचे लावले गेले का, आणि ते बरोबर लावले असते तर तुमच्या मुलाला जागा मिळाली असती का. किंवा त्या परिस्थितीत कुठलाही समंजस प्रवेश अधिकारी घेणार नाही असा तो निर्णय होता का. तिसरी पायरी फार उंच आहे, कठोर वाटणारा निर्णय आणि असमंजस निर्णय यांत कायदा मोठे अंतर मानतो. व्यवहारात पालक जिंकतात ते दुसऱ्या मुद्द्यावर. म्हणून तुम्ही दयेची बाजू मांडण्याआधी मोजमाप तपासा. अंतर सरळ रेषेत मोजायचे होते की चालत जायच्या वाटेने, ते त्या शाळेच्या नियमांत लिहिलेले असते. तुमच्या घराचे नेमके कुठून कुठपर्यंत मोजले, भावंड त्या शाळेत असेल तर तो निकष लावला का, शेवटचा प्रवेश किती अंतरावरच्या मुलाला मिळाला, हे आकडे मागवा आणि नकाशावर स्वतः पडताळा. तुमच्यापेक्षा दूरच्या मुलाला त्याच निकषात जागा मिळाली असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. तसे नसेल, तर मी खोटी आशा दाखवणार नाही, वेटिंग लिस्ट हाच तुमचा खरा मार्ग आहे. रिसेप्शनच्या वर्गात सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुले इकडून तिकडे होतात आणि तिथे लक्ष ठेवून असणाऱ्यांना जागा मिळतात.

प्रश्न: आम्ही स्लावहून बकिंगहॅमशरमध्ये राहायला आलो. मुलाला इलेव्हन प्लसमध्ये (ग्रामर स्कूलच्या प्रवेशपरीक्षेत) ११७ गुण पडले, हवे होते १२१. केंटमधल्या ओळखीच्या कुटुंबाने शाळेच्या शिक्षकांचे पत्र जोडून ग्रामर स्कूलचे अपील जिंकले. आम्हीही तसेच करावे का?

उत्तर: इथे मात्र भागाने खरा फरक पडतो, आणि तो टक्केवारीचा नसून पद्धतीचा आहे. इंग्लंडमध्ये राज्याच्या खर्चाने चालणाऱ्या आणि परीक्षेतल्या गुणांवर प्रवेश देणाऱ्या १६३ ग्रामर स्कूल उरल्या आहेत. केंट, बकिंगहॅमशर आणि लिंकनशर या काउंट्यांत त्यांची जुनी व्यवस्था जवळजवळ तशीच आहे, इतरत्र त्या तुरळक आहेत. गुण कमी पडलेल्या मुलाचे अपील सर्वसाधारणपणे असे चालते: मूल त्या शैक्षणिक पातळीचे आहे याचा पुरावा पाहिला जातो, म्हणजे शाळेचे अहवाल, मुख्याध्यापकांचे पत्र, वर्षभराच्या कामाच्या नोंदी, आणि जागाच शिल्लक नसतील तर त्यापुढे तुमचे कारण शाळेच्या अडचणीपेक्षा जड आहे का हेही तोलले जाते.

बकिंगहॅमशरमध्ये निकालानंतर एक फेरतपासणी असते. मुख्याध्यापकांच्या पाठिंब्याने ती मागता येते आणि एक समिती कागदपत्रे पाहून मूल पात्र ठरते का ते सांगते. ज्या कुटुंबाने अशी स्थानिक फेरतपासणी करून घेतली आणि नकार आला, त्याच्या अपिलात पॅनेलने आधी एवढेच पाहायचे असते की ती फेरतपासणी न्याय्य, सर्वांना सारखी आणि वस्तुनिष्ठ रीतीने झाली का. झाली असेल तर पॅनेलला मुलाची हुशारी नव्याने मोजता येत नाही. प्रक्रियेत दोष आढळला तरच पुढचा पुरावा पाहिला जातो. त्यामुळे फेरतपासणी हवी की थेट अपील, हा निर्णय निकाल हाती येताच घ्यावा लागतो, आणि अनेक पालक तो घाईत, परिणाम न कळता घेतात याचे मला मनापासून वाईट वाटते. तुम्ही अजून फेरतपासणी मागितली नसेल, तर आधी मुलाच्या मुख्याध्यापकांना भेटा. ते किती ठामपणे पाठीशी आहेत यावर सगळे ठरेल. पत्र नुसते गोड असून चालत नाही. वर्गातल्या इतर पात्र ठरलेल्या मुलांच्या तुलनेत हा मुलगा कुठे बसतो आणि परीक्षेच्या काळात घरात आजारपण किंवा मृत्यू असे काही घडले होते का, हे त्यात कागदोपत्री यायला हवे.

परीक्षा एका व्यवस्थेत दिली आणि घर दुसरीकडे, असे तुमचे झाले असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. स्लावच्या ग्रामर स्कूल वेगळी परीक्षा घेतात आणि त्यांचा पात्रतेचा आकडाही वेगळा आहे. एका ठिकाणचे गुण दुसरीकडे पुरावा म्हणून दाखवता येतात, पात्रता म्हणून नाही.

प्रश्न: नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही ॲबरडीनला आलो. इंग्लंडमधल्या मैत्रिणी सांगतात त्या तारखा आणि नियम इथे कुणालाच माहीत नाहीत. आमचे अपील कुठे करायचे?

उत्तर: स्कॉटलंडची व्यवस्था पूर्णपणे निराळी आहे, म्हणून इंग्लंडचे आकडे आणि सल्ले बाजूला ठेवा. तिथे राहत्या भागाची शाळा मुलाला साधारणपणे मिळतेच. दुसरी हवी असेल तर काउन्सिलकडे प्लेसिंग रिक्वेस्ट करतात. १५ मार्चपर्यंत केलेल्या मागणीला ३० एप्रिलपर्यंत उत्तर यायला हवे, न आल्यास ती नाकारली असे धरले जाते. नकारानंतर २८ दिवसांत शिक्षण अपील समितीकडे दाद मागता येते. तिथेही नकार आला तर शेरीफ कोर्टात, म्हणजे तिथल्या स्थानिक न्यायालयात जाता येते, इंग्लंडमध्ये असा न्यायालयातला सरळ पुढचा टप्पा नाही. २८ दिवस हे पत्र हाती आल्यापासून मोजले जातात, तेव्हा पाकीट जपून ठेवा. वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या वाचकांनीही आपापल्या ठिकाणचेच नियम पाहावेत.

प्रश्न: मी पुण्याचा निवृत्त शिक्षक. मुलगा-सून मिल्टन कीन्सला असतात, नातीच्या माध्यमिक शाळेसाठी त्यांनी अपील केले आहे. मुलगा म्हणतो की तिथले पॅनेल कडक असल्याची चर्चा आहे. भागाभागात पॅनेलच्या माणसांचे मन वेगळे असते का? कुणाचे शिफारसपत्र उपयोगी पडेल का? मी मे महिन्यात तिकडे जाणार आहे.

उत्तर: सर, तुमच्या पहिल्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायचे तर, हो, थोडेसे असते. तिन्ही सदस्य माणसेच असतात. किमान तीन जण बसतात, त्यात एक तरी शाळेच्या व्यवस्थापनाचा किंवा शिकवण्याचा अनुभव नसलेला सामान्य नागरिक आणि एक तरी शिक्षणाची माहिती असलेला असावा लागतो. प्रशिक्षण घेतल्याशिवाय कुणालाही बसता येत नाही, नियमावली सर्वांना एकच आहे, आणि त्या शाळेशी किंवा कुटुंबाशी संबंध असलेला सदस्य चालत नाही. तरीही तराजू हाताने धरलेला असतो. काही ठिकाणी तेच ते सदस्य वर्षानुवर्षे एकाच शाळेची बाजू ऐकतात, तिचे युक्तिवाद त्यांना तोंडपाठ होतात, आणि त्या ओळखीने प्रश्न विचारण्याची धार कमी होण्याचा धोका असतो. मी स्वतः हे अनुभवले आहे. जेवणाच्या हॉलचा तोच आराखडा चौथ्यांदा समोर आला तेव्हा मी तो न वाचताच मान डोलावल्याचे माझ्या लक्षात आले, आणि त्या दुपारी मी सुनावणीचे कामकाज पाहणाऱ्या क्लार्कना सांगून पुढच्या वर्षी त्या शाळेच्या सुनावण्यांतून माझे नाव काढून घेतले. पॅनेलच्या सदस्यांची अदलाबदल शेजारच्या भागांशी व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पण कडक असल्याच्या चर्चेवरून तुमच्या मुलाने हातपाय गाळू नयेत. एका ठिकाणच्या कमी आकड्यामागे वर सांगितलेली कारणे बहुतेक वेळा पुरेशी असतात, आणि प्रत्येक मुलाचे प्रकरण स्वतंत्रपणे ऐकणे पॅनेलवर बंधनकारक आहे.

शिफारसपत्राचा उपयोग नाही. खासदाराचे, नगरसेवकाचे किंवा मंडळाच्या अध्यक्षांचे पत्र जोडले तर ते वाचले जाते, एवढेच. नातीला ओळखणाऱ्या व्यक्तीचे, म्हणजे तिच्या वर्गशिक्षिकेचे, डॉक्टरांचे किंवा ती ज्यांच्याकडे संगीत किंवा खेळ शिकते त्यांचे एक पान त्यापेक्षा कितीतरी मोलाचे ठरते. त्यात तारीख असावी आणि त्या शाळेतल्या कोणत्या सोयीमुळे तिला काय मिळेल ते नेमके लिहिलेले असावे.

तुम्ही मे महिन्यात जाणार आहात, तर तारीख जुळू शकेल. अपील दाखल करण्याच्या मुदतीनंतर शाळेच्या ४० कामाच्या दिवसांत सुनावणी व्हायची असते आणि शाळेचे किमान १० कामाचे दिवस आधी कळवावे लागते. पालकांना सोबत कुणाला तरी नेण्याचा हक्क आहे, म्हणून तुम्ही मुलाबरोबर आत बसू शकता. बोलण्याची वेळ आली तर इंग्रजीची अडचण येईल असे वाटत असल्यास मराठी दुभाषा हवा असे क्लार्कना आधीच लेखी कळवावे. सुनावणी हल्ली पुष्कळदा व्हिडिओवरही होते, तसे असेल तर घरातला चांगला नेटवर्क येणारा कोपरा आदल्या दिवशीच पाहून ठेवा आणि कागदांना पान क्रमांक घाला, कारण सदस्य पान क्रमांकानेच बोलतात. निर्णयाचे पत्र सुनावणीनंतर शक्यतो शाळेच्या पाच कामाच्या दिवसांत येते आणि त्यात कारणे लिहिलेली असावीच लागतात. निर्णय विरुद्ध गेला आणि सुनावणीतच काही चुकले असे वाटले, म्हणजे बोलू दिले नाही, कागद पाहिले नाहीत किंवा नियम चुकीचा लावला, तर काउन्सिलच्या आणि चर्चच्या अनुदानित शाळांबाबत लोकल गव्हर्न्मेंट ऑम्बुड्समनकडे (अशा तक्रारी पाहणाऱ्या लोकपालाकडे) आणि ॲकॅडमीबाबत शिक्षण विभागाकडे तक्रार करता येते. ते निर्णय बदलत नाहीत, पण नव्या पॅनेलपुढे पुन्हा सुनावणी घ्यायला सांगू शकतात. त्यासाठी सुनावणी चालू असताना कोण काय बोलले याच्या नोंदी कुणीतरी घ्याव्या लागतात. मुलगा आणि सून बोलण्यात गुंतलेले असतील, तेव्हा ते काम तुम्ही करा.